पाणी कुठे मुरते?



आजचा विषय बोटीच्या इंजिनाचा आहे. कुपवाड, मिरज, सांगली हा सारा कृष्णाकाठचा मुलूख. समुद्र पाहायचा तर घाट उतरून जावे लागते. मग इथल्या माणसाला बोटीच्या इंजिनाची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील, आणि त्याचे विचारणे रास्तच आहे.

त्याला उत्तर असे, की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटीच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन आणि आपल्या अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे आहेत. डिझेल इंजिन आपल्या जिल्ह्याला परके नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून लोखंड आणि शेती यांची इथे सोयरीक जुळली. पुढे १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि नदीकाठच्या मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली. आज कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि लेथकाम शिकलेली कितीतरी मुले आहेत. तेव्हा इंजिन काय असते हे सांगायची गरज नाही. सांगायचे आहे ते त्याच्या एका आजाराविषयी. हा आजार ट्रॅक्टरलाही होतो, पंपाच्या इंजिनालाही होतो. पण बोटीच्या इंजिनात त्याच्या साऱ्या तऱ्हा एकाच ठिकाणी पाहायला मिळतात, आणि तिथे त्याची किंमतही सर्वांत जबर असते. ट्रॅक्टर शेतात बंद पडला तर माणूस चालत घरी येतो. बोट किनाऱ्यापासून वीस मैलांवर बंद पडली तर तांडेल आणि त्याचे खलाशी चालत कुठे जाणार?

हा आजार म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी कमी होत जाणे.

सकाळी झाकण उघडावे तो पाणी खाली गेलेले. आपण काय करतो? तांब्याभर पाणी ओततो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्याभर. आठ दिवसांनी तांब्याची कळशी होते. कुणी विचारलेच तर सांगतो, "आमचं इंजिन जरा पाणी पितंय!" जणू इंजिनालाही तहान लागते. पण मित्रहो, इंजिन पाणी पीत नाही. बंद फेऱ्यात भरलेले पाणी खर्चायची वस्तूच नव्हे. ते तेच ते पुन्हा पुन्हा फिरते. ते कमी झाले याचा अर्थ ते कुठेतरी गेले. आपल्या भाषेत शंका आली की आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. इंजिनाच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. मुरणारे पाणी कुठे गेले हे कळले की रोग कळला. नुसते ओतत राहणे म्हणजे ताप आलेल्या माणसाच्या अंगावर ओला पंचा टाकून कामावर धाडण्यासारखे आहे.

आता हे पाणी मुळात लागते कशाला ते थोडक्यात पाहू. डिझेल जळून जी उष्णता निघते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश आपल्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली इंजिनाच्या अंगात राहू पाहते. ती बाहेर काढली नाही तर धातू फुगतो, तेल पातळ होते, पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन जाम होते. ही उष्णता उचलून नेणारा हमाल म्हणजे पाणी.

हा हमाल कामाला लावण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा आपल्या जुन्या, संथ चालीच्या पंप-इंजिनांची. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाच्या अंगात सोडायची आणि गरम झालेले पाणी पाटात पाडायचे. इथे पाणी हरवण्याचा प्रश्नच नाही. नदी आहे तोवर पाणी आहे. दुसरी तऱ्हा ट्रॅक्टरची. ठरावीक पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरत राहते आणि पंख्याचा वारा त्याला थंड करतो. तिसरी तऱ्हा बोटीची, आणि तिच्यात या दोन्ही एकत्र आल्या आहेत. इंजिनाच्या अंगात खारे पाणी खेळवले तर ते लोखंड खाऊन टाकील. म्हणून आत गोडे पाणी किंवा कूलंट फिरते. त्याला थंड करायला रेडिएटर नसतो, तर नळ्यांचा कूलर असतो. एका मोठ्या नळकांड्यात बारीक नळ्यांची जुडी बसवलेली असते. या नळ्यांच्या एका अंगाने समुद्राचे पाणी जाते, दुसऱ्या अंगाने इंजिनाचे गोडे पाणी. दोघांची भेट होत नाही, पण उष्णता पातळ भिंतीतून पलीकडे जाते. समुद्राचे पाणी रबरी पंख्याच्या पंपाने ओढून घेतात आणि काम झाल्यावर बाहेर फेकून देतात.

आता समजा, एका तांडेलाच्या ध्यानात आले, की दिवसाकाठी दोन लिटर पाणी कमी होते आहे. इंजिन गरम होत नाही, आवाज ठीक आहे, खाली थेंब दिसत नाही. त्याने शोध कुठून सुरू करावा? वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि शस्त्र शेवटी उचलतो, तसे इथेही स्वस्तातली परीक्षा आधी आणि महागातली नंतर.

पहिली परीक्षा वहीची. इंजिन पुरते थंड असताना, रोज एकाच वेळी पाण्याची पातळी पाहावी, किती ओतले ते मापाने मोजावे आणि इंजिन किती तास चालले ते शेजारी लिहावे. याचे कारण असे, की थंड पाणी तापून नव्वद अंशांपर्यंत गेले की सुमारे साडेतीन टक्के फुगते. वीस लिटर पाण्यात ही वाढ जवळजवळ पाऊण लिटर होते. कुणी हौसेने काठोकाठ भरले, तर पहिल्याच फेरीत तेवढे पाणी नळीवाटे बाहेर पडणार. ती गळती नव्हे, तो पाण्याचा स्वभाव आहे. चार दिवसांच्या नोंदीत पातळी एका जागी ठरली तर घाबरायचे कारण नाही. रोज उतरतच राहिली तर मात्र पुढे चला.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. गळतीला आपण नेहमी कमी लेखतो. सेकंदाला एक थेंब पडला तर काय होते ते पाहा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर तासाला एकशे ऐंशी मिलिलिटर आणि बारा तासांत दोन लिटरांहून अधिक! म्हणजे तांडेलाचे सारे पाणी एका थेंबाच्या वाटेने जाऊ शकते. आणि तापलेल्या इंजिनावर तो थेंब खाली पोहोचायच्या आधीच वाळतो. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. होज पाइपच्या तोंडाशी, क्लिपखाली, पाण्याच्या पंपाच्या पोटाशी असलेल्या बारीक भोकाजवळ पांढरी, हिरवी किंवा तांबूस खपली धरलेली दिसेल. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की तिथून पाणी पाझरते. कुणी ते भोक बुजवून टाकतात. ते म्हणजे ओरडणाऱ्याचे तोंड दाबणे झाले. बोटीत तळाशी पाणी साचलेलेच असते, त्यात आपले पाणी मिसळले तर कळायचे नाही. म्हणून इंजिनाखाली स्वच्छ पत्रा किंवा पुठ्ठा सरकवावा. रंगीत कूलंट असेल तर तो चुगली करतोच.

तिसरी परीक्षा झाकणाची. रेडिएटरचे झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे. ते आतले पाणी दाबाखाली ठेवते. वातावरणापेक्षा अर्ध्या वातावरणाइतका दाब जास्त असेल तर पाणी शंभराऐवजी सुमारे एकशे अकरा अंशांवर उकळते. दाब एका वातावरणाने वाढवला तर एकशे वीस अंशांवर. झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग थकली, की दाब राहत नाही आणि पाणी वाफ होऊन, उसळून निघून जाते. इतक्या स्वस्त वस्तूपायी माणसे हेड उतरवून बसतात.

इथेच एक धोक्याची सूचना. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी शंभर अंशांच्या वर असते आणि केवळ दाबामुळे उकळायचे थांबलेले असते. झाकण सैल होताच ते एकदम उकळते. एक लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तोंडे आणि हात कसे भाजतात ते कळेल. तसेच पाणी आटून लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे; तासभर गेला तरी चालेल.

चौथी परीक्षा तेलाची. तेलाची पट्टी बाहेर काढून पाहा. तेल काळे असेल तर ठीक. ते दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले आणि पातळीही वर चढलेली असली, तर पाणी तेलात उतरते आहे. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा, हेडचे गॅस्केट किंवा तेलाचा कूलर यांपैकी एक जण दोषी. अशा तेलावर इंजिन एक तासही चालवू नये, बेअरिंगे जातात. परंतु इथे आपल्या भागापुरती एक खूणगाठ बांधून ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कितीतरी ट्रॅक्टर आणि इंजिने पाण्याखाली राहिली. अशा इंजिनाचे तेल दुधाळ दिसले तर ते पुराचे पाणी असू शकते; पट्टीच्या भोकातून, हवेच्या नळीतून ते आत शिरते. तिथे गॅस्केटला दोष देण्यात अर्थ नाही. तेल काढून टाकावे, आतले पाणी निपटावे, आणि मगच पुढचा विचार करावा. थंडीच्या दिवसांत इंजिन थोडा वेळच चालवले तर झाकणाच्या आत थोडी पांढरी साय धरते. तीही निव्वळ दवाची असते.

पाचवी परीक्षा धुराची आणि बुडबुड्यांची. गार इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो, तो चालायचाच. इंजिन चांगले तापल्यावरही पांढरा धूर थांबेना, तर दोन शक्यता. तो डोळ्यांना झोंबत असेल आणि दूरवर रेंगाळत असेल, तर ते न जळलेले डिझेल. थोड्या अंतरावर हवेत विरून जात असेल, तर बहुधा ती वाफ, म्हणजे पाणी सिलिंडरात शिरते आहे. खात्री करायची तर इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून ठेवा, मग इंजिन सुरू करा आणि टाकीत पाहा. पहिले काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबले नाहीत, उलट इंजिनाचा वेग वाढवताच वाढले, तर सिलिंडरातला वायू गॅस्केट ओलांडून पाण्यात येतो आहे. पाणी तापू लागण्याआधी हे पाहणे आटपून घ्यावे.

सिलिंडरात पाणी शिरल्याची शंका असेल तर सकाळी एकदम स्टार्टर मारू नका. रात्रभर पाझरलेले पाणी पिस्टनवर साचलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्याच्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी हाताने इंजिन एक-दोन फेरे फिरवून पाहावे. अडले तर जबरदस्ती न करता मिस्त्रीला बोलवावे.

आता आपला तांडेल. त्याने वही ठेवली, डाग शोधले, झाकण बदलले, तेल पाहिले, बुडबुडे पाहिले. सगळे निर्दोष. तरीही दोन लिटर जातातच. ट्रॅक्टरवाला इथे हात टेकील. पण बोटीला आणखी एक चोरवाट आहे, आणि ती म्हणजे तो नळ्यांचा कूलर. खाऱ्या पाण्याने एखादी नळी आतून खाल्ली, सुईच्या टोकाएवढे भोक पडले, की काय होईल? इंजिन चालू असताना गोड्या पाण्याचा दाब सहसा खाऱ्या पाण्याहून जास्त असतो. म्हणून गोडे पाणी त्या भोकातून खाऱ्यात जाते आणि खाऱ्या पाण्याबरोबर थेट समुद्रात. खाली थेंब नाही, तेलात पाणी नाही, धुरात वाफ नाही. चोर घरातला, आणि मागल्या दाराने चोरी! रात्री इंजिन थंड झाले आणि दाब उतरला, म्हणजे कधीकधी उलट घडते. समुद्राचे पाणी आत झिरपते आणि टाकीतले पाणी खारट होते. तांडेल खूश होतो, की आज पाणी उतरले नाही. आणि आत मीठ लोखंड खात बसलेले असते.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना बोटीच्या तळातला समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा. कूलरच्या खाऱ्या बाजूच्या नळ्या सोडून ती बाजू रिकामी करावी. मग टाकीच्या तोंडाला हातपंप आणि दाबमापक लावून, झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच दाब द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. काटा खाली येऊ लागला आणि सोडलेल्या तोंडातून थेंब गळू लागले, तर चोर सापडला. काटा खाली येतो आणि तिथेही थेंब नाही, तर पाणी इंजिनाच्या आत कुठेतरी उतरते आहे. मग मात्र हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. हाच हातपंप ट्रॅक्टरच्या रेडिएटरलाही चालतो. कूलरमध्ये जस्ताची एक कांडी बसवलेली असते. खारे पाणी आधी तिला खाते आणि नळ्या वाचतात. कांडी संपली आणि कुणी बदलली नाही, म्हणजे नळ्यांची पाळी येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. शहाणा तांडेल त्या दोन महिन्यांत ही कांडी पाहतो.

शिक्षक बंधुभगिनींसाठी यात एक चांगला पाठ आहे. टाकीतल्या पाण्यात समुद्र मिसळला का, हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येते. पाण्याच्या नमुन्यात सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, की क्लोराइड असल्यास पांढरा गढूळपणा येतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे एकोणीस ग्रॅम क्लोराइड असते. त्याचा दह्यासारखा दाट साका होतो. आता समुद्र नसला तरी मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांतल्या क्षारपड जमिनीजवळच्या विहिरीचे पाणी घेऊन हाच प्रयोग करून पाहा. नदीच्या पाण्याशी तुलना केली तर फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग त्यांना विचारा, असले पाणी बाबांच्या ट्रॅक्टरमध्ये रोज तांब्यातांब्याने ओतले तर आत काय साचेल? क्षारांचा थर साचतो, उष्णता अडते, आणि गळती नसतानाही इंजिन तापू लागते. म्हणजे निदान न करता पाणी ओतत राहणारा माणूस एका रोगावर दुसरा रोग ओतत असतो. रसायने शिक्षकांनीच हाताळावीत. सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते. आणि कूलंट चवीला गोडसर पण विषारी असतो, म्हणून टाकीतले पाणी कुणीही चाखून पाहू नये. गुरांच्या दावणीजवळही सांडू नये.

महापुराविषयी एक शब्द सांगून थांबतो. पुरात मदतीला येणाऱ्या बहुतेक लहान बोटींचे यंत्र मागे टांगलेले असते. ते आपल्या जुन्या पंप-इंजिनासारखे नदीचेच पाणी आत घेऊन थंड होते. यंत्र चालू असताना त्याच्या अंगातून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडते. पुराच्या पाण्यात गाळ, पाचट, प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहत असतात. त्यांनी पाणी घ्यायची जाळी बुजते आणि धार तुटते. बोटीत बसलेल्या कोणाही तरुणाने त्या धारेवर नजर ठेवावी आणि ती तुटताच चालकाला सांगावे. बोट सुरक्षित जागी धरून, यंत्र बंद करून जाळी साफ करायला काही मिनिटे लागतात. पण जाम झालेले यंत्र भर प्रवाहात सुरू होत नाही, आणि त्या बोटीत तेव्हा आपलीच म्हातारी माणसे आणि लेकरे बसलेली असतात.

यंत्र बोलत नाही असे आपण म्हणतो. ते बोलते, पण डागाने, वाफेने, बुडबुड्याने आणि उतरत्या पातळीने. त्याचे बोलणे लिहून घेण्यासाठी एक वही आणि एक मापाचे भांडे पुरते. उद्या सकाळी पाणी ओतण्याआधी ते किती उतरले तेवढे मोजा, आणि मगच ओता.